राज्य नसताना लिहिलेला कायदा : म्खितार गोश

जुनी पोथी

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये, माटेनादारान ही जुन्या हस्तलिखितांची मोठी संस्था आहे. तिच्या दर्शनी बाजूला सहा पुतळे उभे आहेत. एक इतिहासकार, एक गणिती, एक कवी, एक पोथ्यांतली चित्रं काढणारा, एक धर्मशास्त्री, आणि सहावा म्खितार गोश. हा कायदा लिहिणारा. राजा नाही, दरबाराचा मंत्री नाही, पगारी न्यायाधीशही नाही. मठात राहणारा संन्यासी. सध्या याच्यावर मिळेल ते वाचतोय, आणि मराठीत फारसं काही दिसलं नाही, म्हणून हा धागा.

जन्म ११३०च्या आसपास, गंजा शहरात. आर्मेनियन लोक त्याला गांद्झाक म्हणतात. आज ते अझरबैजानमध्ये आहे. दाढी विरळ म्हणून लोकांनी 'गोश' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव आठशे वर्षं टिकलं. तो लहान असताना, ११३९मध्ये, गंजाला प्रचंड भूकंप झाला. शहर आडवं झालं. ती संधी साधून जॉर्जियाचा राजा चाल करून आला आणि लुटीत शहराच्या वेशीचे लोखंडी दरवाजे घेऊन गेला. त्यातला एक भाग आजही जॉर्जियातल्या गेलाती मठात ठेवलेला आहे. भूकंपानंतर दोन-तीन वर्षांत याच शहरात निजामी जन्मला, खुस्रो-शिरीनची गोष्ट अजरामर करणारा फारसी कवी. एकाच गावचे हे दोघं जवळपास समवयस्क. एक फारसीत लिहिणारा मुसलमान, दुसरा आर्मेनियनमध्ये लिहिणारा ख्रिस्ती. दोघांची कधी गाठ पडली असेल का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

आर्मेनियाच्या मूळ भूमीत तेव्हा मोठं आर्मेनियन राज्य उरलेलं नव्हतं. अनी ही राजधानी १०४५मध्ये बायझंटाइन साम्राज्यानं गिळली आणि १०६४मध्ये सेल्जुक तुर्कांनी ती त्यांच्याकडून हिसकावली. डोंगराळ भागात काही आर्मेनियन सरदार आपापल्या गढ्या धरून होते, एवढंच.

म्खितार शिकला होव्हान्नेस ताव्हुशेत्सी या गुरूकडे आणि वार्दापेत झाला. वार्दापेत म्हणजे धर्मशास्त्र शिकवायचा अधिकार मिळालेला विद्वान संन्यासी. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. तो भूमध्य समुद्राकडच्या किलिकियाजवळ 'काळा डोंगर' म्हणून मठांचा प्रदेश होता तिकडे गेला, आणि आपल्याला ही पदवी आधीच मिळाली आहे हे लपवून पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला. तिथेही पदवी मिळवली. पीएचडी झालेल्या माणसानं नाव न सांगता परत एमएच्या वर्गात बसावं, तसा प्रकार. हे आपल्याला किराकोस गांद्झाकेत्सी या इतिहासकारामुळे कळतं. तो म्खितारच्या शिष्याचा शिष्य.

परतताना करीन (आजचं एर्झुरूम) इथे कुर्द आर्त्स्रुनी नावाच्या आर्मेनियन सरदाराशी त्याची दोस्ती जमली. ती पुढे फार उपयोगी पडली. गंजाला परत आल्यावर लोक त्याच्याकडे गर्दी करू लागले, आणि मग जे व्हायचं तेच झालं. हेवा वाटणाऱ्या स्वकीयांनीच सत्ताधाऱ्यांचे कान भरले. गाव सोडून म्खितार आर्त्साखच्या डोंगरात, हातेर्कचा सरदार वाख्तांग याच्या आश्रयाला गेला. कायद्याचा ग्रंथ त्यानं हाती घेतला तो ११८४मध्ये, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर.

या ग्रंथाचं नाव 'दातास्तानागिर्क', म्हणजे न्यायनिवाड्याची पोथी. मला खरी गोडी लागली ती त्याच्या प्रस्तावनेची. आपण हे का लिहितोय याची कारणं तो एकेक करून देतो. पहिलं कारण टोमण्याचं : परके म्हणतात आणि आपलेही म्हणतात, की ख्रिस्ती लोकांकडे कायदाच नाही. दुसरं, आळसामुळे लोक धर्मग्रंथ वाचेनासे झालेत. लिहून ठेवलं नाही तर चार पिढ्यांनी कुणाला काही आठवणार नाही. आणि सगळ्यात रोखठोक कारण : आपल्यात भांडण झालं की आपली माणसं मुसलमान काझीकडे धाव घेतात. त्यांना सांगायला आपल्याकडे काहीतरी लिहिलेलं हवं.

सैन्य नाही, तुरुंग नाही, महसूल नाही. तरी हा माणूस साधारण अडीचशे कलमांचा कायदा लिहायला बसतो. माझ्या मते त्याचं मोठेपण कलमांत कमी आणि या हिशेबात जास्त आहे. राज्य येईल तेव्हा कायदा करू, असं तो म्हणत नाही. कायदा असेल तर राज्य नसतानाही हे लोक एक समाज म्हणून तगतील, असं गणित त्यानं मांडलं.

वाचलेल्यांनी भर घाला. न वाचलेल्यांनी भांडा.

तिखटजाळ

लेख आवडला. पण भांडायला सांगितलंच आहे तर : हा कायदा चालवणार कोण? मठात बसून मीही अडीचशे कलमं लिहीन. हरलेल्या पक्षानं 'मी नाही मानत जा' म्हटलं तर म्खितारबुवा काय करणार होते?

वकीलीणबाई

तिखटजाळ, प्रश्न बरोबर आहे. शिक्षा करण्याची ताकद त्याच्याकडे नव्हतीच. पण चर्चकडे दुसरी हत्यारं होती : प्रायश्चित्त, चर्चमधून बाहेर काढणं, लग्न लावायला किंवा मयताला नकार. छोट्या गावात वाळीत पडण्याची भीती तुरुंगापेक्षा कमी नसते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याची न्यायालयाची कल्पना बिशपभोवती फिरते. निवाडा बिशपनं करायचा, पण एकट्यानं नाही. जाणते लोक आणि वार्दापेत सोबत हवेत. पुराव्यात साक्षीदाराला फार महत्त्व. शपथेवर मात्र त्याचा राग आहे. ख्रिस्तानं शपथ घेऊ नका म्हटलंय, तेव्हा ऊठसूट शपथा घालून निकाल लावू नका, असा त्याचा कल. रोज कोर्टात 'खरं सांगेन, खोटं सांगणार नाही' ऐकणाऱ्या बाईला हे वाचून हसू आलं हे कबूल.

आता साहित्य कुठून आणलं? बराचसा भाग बायबलच्या जुन्या करारातला, मोशेचा कायदा. मग आर्मेनियन चर्चचे जुने नियम, आणि गावोगावचा रिवाज. उदाहरणार्थ मारक्या बैलाचं प्रकरण. बैलानं माणसाला शिंग मारलं तर पहिला प्रश्न हा, की बैल मारका आहे हे मालकाला आधी माहीत होतं का? कुणी त्याला बजावलं होतं का? माहीत असून बांधला नसेल तर जबाबदारी मालकाची, नसेल तर हिशेब वेगळा. तीन हजार वर्षं जुना प्रश्न, आणि आज मोकाट कुत्र्याच्या किंवा गाडीच्या नादुरुस्त ब्रेकच्या खटल्यात आम्ही हेच विचारतो : 'तुम्हाला कल्पना होती का?'

फरक असा की जुन्या करारात जिवाच्या बदल्यात जीव आहे, तिथे गोशचा ओढा दंड आणि प्रायश्चित्ताकडे. हात तोडणं, डोळे काढणं तेव्हा आजूबाजूला सर्रास चालायचं. त्याचं म्हणणं साधारण असं, की मेलेल्या माणसाला पश्चात्ताप करता येत नाही.

खडूस काका

वकीलीणबाईंनी छान मांडलंय, पण भक्तिभाव जरा जास्त झाला. मी उलट बाजूनं वाचतो. काझीकडे जाऊ नका, बिशपकडे या. यात समाज टिकवणं आहेच, पण बिशपची गादी टिकवणंही आहे. काझीकडे लोक का जात होते? कारण तिथे निकाल लागायचा आणि त्याची अंमलबजावणी व्हायची! बिशपपेक्षा काझी बरा वाटला म्हणूनच गेले ना? गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातंय म्हणून नवी पाटी रंगवली, असं का म्हणू नये?

शिवाय परधर्मीयांची साक्ष ख्रिस्ती माणसाविरुद्ध चालणार नाही म्हणे. बाईची साक्ष दुय्यम. याला पुरोगामी म्हणायचं असेल तर आमचा दंडवत.

जुनी पोथी

काका, पुरोगामी कुणीच म्हटलेलं नाही. बाराव्या शतकातला मठवासी आहे तो. साक्षीचं म्हणाल तर मुसलमान न्यायालयात ख्रिस्ती साक्षीदाराची तीच गत होती. त्यानं समोरचाच नियम उलटा फिरवला. चांगलं केलं असं नाही, पण हे हवेतून आलेलं नाही.

गादीचा मुद्दा मान्य. फक्त दोन गोष्टी तुमच्या चित्रात बसत नाहीत. एक, लग्नाच्या कलमांत तो मुलगा आणि मुलगी दोघांची संमती मागतो. जबरदस्तीनं लावलेली लग्नं त्याला मंजूर नाहीत. आईबापांचा आणि सरदारांचा रोष ओढवून घेण्यासारखी ही गोष्ट होती.

दुसरी, सरदार आणि रयत यांच्यावर लिहिताना तो म्हणतो की निर्मात्यानं माणसाचा स्वभाव स्वतंत्रच घडवला. धन्याची ताबेदारी आली ती जमीन आणि पाण्याच्या गरजेपोटी. हे वाक्य मी परत परत वाचलं. सरदाराच्या छत्राखाली राहून, त्याच्याच आश्रयानं लिहिणारा माणूस म्हणतोय की धनी असणं देवानं ठरवलेलं नाही, ते पाण्यावरून आणि जमिनीवरून ठरलं. बंड करा असं तो म्हणत नाही. रयतेनं सेवा करावी हेही आहेच. पण गुलामी निसर्गातच आहे असं सांगायची सोय त्यानं बंद केली.

तिखटजाळ

जमीन आणि पाणी! हे आवडलं. सोलापूरकडचा असल्यामुळे पाण्यावरून कोण कुणाचा धनी होतो हे मला कुणी समजावायला नको.

पण माझा प्रश्न अर्धाच सुटला. त्याच्या हयातीत नाही तर नंतर तरी कुठे लागू झाला का?

वकीलीणबाई

झाला, आणि तीच मजा आहे.

किलिकियात आर्मेनियन राज्य उभं राहिलं. तिथला सेनापती स्म्बात, राजाचा सख्खा भाऊ, यानं १२६५मध्ये गोशचा ग्रंथ पुढे ठेवून नवा कायदा तयार केला. जुनी ग्रंथभाषा लोकांना कळेनाशी झाली होती म्हणून बोलीच्या जवळच्या भाषेत लिहिला, आणि मठाचा वास बराच कमी करून राज्याला चालेल असा केला. याच स्म्बातनं शेजारच्या अँटिओकमधल्या क्रुसेडरांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, राज्याचा कायदाही आर्मेनियनमध्ये उतरवला. मूळ फ्रेंच प्रत हरवली. आज तो कायदा फक्त या भाषांतरामुळे माहीत आहे.

मग पोलंड. ल्वीव शहरात (आता युक्रेन) आर्मेनियन व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. १३५६मध्ये राजा काझिमीरनं शहराला सनद देताना आर्मेनियनांना आपल्या कायद्यानं चालण्याची मुभा दिली. पुढे शहराचे जर्मन आणि पोलिश पंच म्हणू लागले, तुमचा तो कायदा एकदा दाखवा तरी. म्हणून गोशच्या ग्रंथावर आधारलेली संहिता लॅटिनमध्ये उतरवली आणि १५१९मध्ये राजा पहिला सिगिस्मुंड यानं काही फेरफार करून ती मंजूर केली. गंभीर गुन्हे शहराच्या न्यायालयाकडे गेले, पण लग्न, वारसा, देणंघेणं यांचे निवाडे आर्मेनियन पंच करत राहिले. हा प्रकार अठराव्या शतकात ऑस्ट्रियाची सत्ता येईपर्यंत चालला.

आणखी एक गंमत. तिथल्या बऱ्याच आर्मेनियन घरांत बोलभाषा आर्मेनियन नव्हतीच. क्रिमियाकडून आल्यामुळे ते किपचाक ही तुर्की कुळातली भाषा बोलत, पण लिपी आर्मेनियन. म्हणून हाच कायदा त्या भाषेतही उतरवला गेला. जॉर्जियाचा राजा सहावा वाख्तांग यानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कायद्यांचं मोठं संकलन केलं, त्यातही गोशची कलमं आहेत.

गंजाच्या एका संन्याशानं काझीला पर्याय म्हणून लिहिलेली पोथी, पोलंडच्या राजाच्या शिक्क्यानिशी, तुर्की भाषेत. तिखटजाळ, आता सांगा चालली की नाही?

तिखटजाळ

हरलो. चहा माझ्याकडून.

पायवाट

मी गोशावांकला, म्हणजे म्खितारच्या मठात, जाऊन आलेय, म्हणून थोडी भर. येरेवानला वैद्यकीय शिकायला खूप भारतीय मुलं असतात, माझा भाचाही होता, त्या निमित्तानं गेलो. दिलिजानच्या जंगलातून रस्ता जातो. गावाचं नावच गोश, आणि मठ गावाच्या मधोमध, आजूबाजूला घरं, कोंबड्या, वाळत घातलेले कपडे. दाराशी म्खितारचा पुतळा.

तिथल्या बाईंनी सांगितलं ते असं : आधी गेतिक नावाचा मठ दुसरीकडे होता, तो भूकंपात पडला. म्खितारनं नवीन जागा निवडून आधी लाकडी चर्च बांधलं. मग दगडी मुख्य चर्च ११९१ ते ११९६ या काळात झालं. नाव 'नोर गेतिक', नवं गेतिक. त्याच्या मृत्यूनंतर लोक गोशावांक म्हणू लागले. आवारात पुस्तकं ठेवायची इमारत आहे, आणि तिच्यावर नंतर १२९१मध्ये घंटाघर चढवलं.

पण मी तिथे सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती एका दगडासमोर. खाचकार, म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. १२९१ची, पोघोस नावाच्या कारागिराची. मधे क्रूस, त्याच्याखाली मोठं गोल कमळासारखं चक्र, आणि दोन्ही कडांना एकाखाली एक चौकटी. नीट बघितल्यावर कळलं की चौकटीतली नक्षी एकसारखी नाही. आणि नक्षी एका थरात नाही. वरच्या जाळीतून आतली दुसरी जाळी दिसते, मधे काळोखाची फट. ऊन सरकलं की आतला थर उजळतो आणि वरचा सपाट दिसायला लागतो. तिथे त्याला सुईकाम म्हणतात. दगड आहे हे पटायला हात लावावासा वाटत होता, पण बाई डोळे वटारून उभ्या होत्या.

खडूस काका

फोटो टाका की.

पायवाट

जुन्या फोनमध्ये होते, शोधते. जागेचा पैसा कुठून आला हेही तिथे कळलं. जुनी पोथी यांनी सांगितलेला तो आर्मेनियन सरदार, कुर्द आर्त्स्रुनी. जॉर्जियाची राणी तमार गादीवर आल्यावर त्याला वतन परत मिळालं आणि त्यानं म्खितारला आपल्या मुलखात बोलावलं. पुढे तमारचे सेनापती झाकारे आणि इव्हाने हे भाऊ मठाचे पाठीराखे झाले. म्खितार झाकारेचा धर्मगुरू होता.

चेन्नईकर

इथे राहून एक दुवा जोडल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे जॉर्जटाऊनमध्ये आर्मेनियन स्ट्रीट आहे, तिथे आर्मेनियन चर्च आहे. आता शहरात आर्मेनियन वस्ती उरलेली नाही, पण चर्च नीट राखलेलं आहे. आवारात हारुत्युन श्मावोन्यान या धर्मगुरूची कबर आहे. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझदारार' त्यांनी १७९४मध्ये मद्रासमध्ये काढलं.

त्याच्या आधी मद्रासचाच एक आर्मेनियन व्यापारी, शाहामिर शाहामिर्यान. त्याच्या घरच्या छापखान्यातून एक पुस्तक निघालं, त्यावर साल १७७३. त्यात भविष्यातल्या स्वतंत्र आर्मेनियासाठी ५२१ कलमांची राज्यघटना आहे! निवडलेलं लोकप्रतिनिधींचं सभागृह आणि त्याच्यापुढे जबाबदार सत्ता. तेव्हा आर्मेनिया तुर्क आणि इराणी साम्राज्यांत वाटला गेलेला. म्हणजे सहाशे वर्षांनी, मद्रासच्या उकाड्यात, परत तेच. राज्य नाही, पण कलमं तयार.

फरक बघा मात्र. गोशला राज्याची वाट बघायची नव्हती, शाहामिर्यानला राज्यच हवं होतं.

जुनी पोथी

चेन्नईकर, हे उत्तम. मुंबईतही फोर्टात सेंट पीटर आर्मेनियन चर्च आहे, १७९६चं. शेजारच्या इमारतीचं नाव अरारात. रोज हजारो मराठी माणसं तिथून ऑफिसला जातात.

तिखटजाळ

कायदा पुरे झाला. हा माणूस लेखकही होता असं कुठेतरी वाचलं. काय लिहिलं?

जुनी पोथी

बोधकथा! झाडांच्या, प्राण्यांच्या आणि माणसांच्या. १९० कथा त्याच्या नावावर आहेत, १७९०मध्ये व्हेनिसला पहिल्यांदा छापल्या. शिवाय बायबलमधल्या यिर्मयाच्या ग्रंथावर भाष्य, प्रार्थना वगैरे.

एक घुबडाची आठवण राहील अशी आहे. माझ्या शब्दांत सांगतो. घुबडानं गरुडाकडे मध्यस्थ पाठवले. 'तुम्ही दिवसाचे शूर, आम्ही रात्रीचे. सोयरीक झाली तर दिवस-रात्र दोन्ही आपलेच.' गरुडाला पटलं, मुलगी दिली. लग्न लागलं. दिवसा नवरदेवाला काही दिसेना, रात्री नवरीला काही दिसेना. सोयरीक मोडली.

तात्पर्यात तो सरळ सांगतो की वेगवेगळ्या धर्मांची लग्नं नकोत. तिथे काका माझ्यावर तुटून पडतील, पडू द्या. पण गोष्ट तात्पर्यापेक्षा चांगली आहे. मध्यस्थांचं ते वाक्य ऐकून गरुड कसा फसतो बघा. हुंड्याच्या बैठकीला बसलेल्या माणसानंच लिहिलेलं वाटतं.

खडूस काका

तुटून पडत नाही. गोष्ट झकास आहे, तात्पर्य रद्दी.

पण एक खुसपट राहिलंय. त्याचं चरित्र सगळं किराकोसच्या भरवशावर आहे ना? किराकोस त्याच परंपरेतला, नोर गेतिकशी संबंधित. गुरूच्या गुरूबद्दल वाईट लिहील का? ती पदवी लपवण्याची गोष्ट मला संतचरित्रातल्यासारखी वाटते. सगळ्याच मोठ्या माणसांच्या चरित्रात नम्रतेचा असा एक प्रसंग असतोच.

जुनी पोथी

असेल. किराकोसचा गुरू वानाकान वार्दापेत, आणि वानाकान म्खितारचा शिष्य. १२३६मध्ये मंगोलांनी गुरुशिष्य दोघांना धरून नेलं. किराकोसला त्यांच्यासाठी पत्रं लिहायचं काम करावं लागलं आणि मग तो निसटला. इतकं सोसलेला माणूस मठाच्या सोन्याच्या दिवसांबद्दल हळवं लिहिणार, हे धरून चालायचं.

पण किराकोस बाजूला ठेवला तरी म्खितारचं स्वतःचं लिखाण आहे. झाकारे आणि इव्हाने या भावांपैकी इव्हानेनं जॉर्जियन चर्चचा पंथ धरला, झाकारे आर्मेनियन चर्चमध्येच राहिला. एकाच घरात दोन पंथ, आणि दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना पाखंडी म्हणत. त्या वेळी म्खितारनं जॉर्जियनांना उद्देशून एक लांब पत्र लिहिलं. त्याचा सूर असा, की विधी आणि चालीरीती प्रत्येक समाजाच्या वेगळ्या असतात, तेवढ्यावरून श्रद्धा खोटी ठरत नाही. घुबड आणि गरुडाची गोष्ट लिहिणारा माणूसही हाच. दोन्ही एकत्र ठेवून वाचा आणि मग काय ते ठरवा.

तो गेला १२१३मध्ये. जाण्याआधी मठाची व्यवस्था मार्तिरोस या तरुण शिष्याकडे सोपवली.

वकीलीणबाई

जाता जाता एक. त्यानं प्रस्तावनेत आपला ग्रंथ अपुरा आहे, पुढच्यांनी दुरुस्त करावा असं म्हटलंय, आणि लोकांनी ते अक्षरशः घेतलं. हस्तलिखितांच्या वेगवेगळ्या परंपरांत कलमांची संख्या आणि क्रम बदलतो. काका, तुमच्या गादीवाल्या मुद्द्याला माझं उत्तर हेच आहे. स्वतःची गादी पक्की करायला निघालेला माणूस शेवटचा शब्द आपलाच ठेवतो.

खडूस काका

किंवा पुढच्या बिशपलाही हात मारायला जागा ठेवतो. पण ठीक आहे, हा मुद्दा तुमचा. पायवाट, फोटो सापडले का?